वाचकांचे प्रश्न : पद्मिनीला विजेचा ब्रेक बूस्टर

प्रश्न : माझी प्रीमियर पद्मिनी आहे. चारही चाकांना ड्रम, ब्रेकचं एकच सर्किट (चारही चाकांना तेलाची एकच लाइन). गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना पेडलवर अक्षरशः उभं राहावं लागतं. भंगारात मिळणारा इलेक्ट्रिक बूस्टर बसेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बसतो. पण बूस्टर फक्त पायाचा जोर वाचवतो. तापून निकामी झालेला ड्रम त्याने सुधारत नाही. त्रास फक्त घाटातच होत असेल तर आधी दुसऱ्या गिअरमध्ये उतरून बघा. उद्यमनगरात ड्रमचं माप घ्या, लायनर (ड्रमला घासणारं अस्तर) आणि व्हील सिलिंडर (चाकातला, ब्रेक दाबणारा) तपासा.

तरीही बसवायचाच असेल तर बॉशच्या आयबूस्टरसारखं युनिट मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल लाइनमध्ये ढकलणारा) आणि प्लगसकट घ्या. वायरी मुळाशी कापलेला माल उचलू नका. गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडणी नसली तरी हा बूस्टर चालतो. मुख्य वायर थेट बॅटरीवरून 40 अँपिअरच्या फ्यूजमधून घ्या, जाडी 6 चौ. मिमी. इग्निशनची बारीक वायर वेगळी.

खरी मेख मास्टर सिलिंडरच्या व्यासात आहे. जुना 19 मिमीचा आणि नवा 23.8 मिमीचा असेल, तर क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं. फ्यूज उडून बूस्टर बंद पडला की तेवढाच ब्रेक लागायला पायाचा जोर दीडपट लागेल, म्हणजे आजच्याहून वाईट. म्हणून पेडलचं लिव्हर छोटं करायच्या फंदात पडू नका. आणि बूस्टर बंद ठेवून, मोकळ्या मैदानात, गाडी थांबते का हे आधी बघा.

नवा सिलिंडर दोन सर्किटचा असतो, त्यामुळे पुढची-मागची लाइन वेगळी करा. तो डिस्क ब्रेकसाठी बनलेला असतो. ड्रमच्या लाइनमध्ये 10 पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (पेडल सोडल्यावरही लाइनमध्ये थोडा दाब राखणारा) लागतो. पेडल आणि बूस्टरच्या रॉडमध्ये मिलिमीटरभर मोकळीक हवीच. रॉड किंचितही दाबलेला राहिला तर बूस्टरला पाय पेडलवर आहे असं वाटतं आणि ब्रेक चिकटतात. जॅक लावून प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहा, पाच किलोमीटर चालवून पुन्हा फिरवा. एअर काढताना सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाने.

ब्रेकमधला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली येतो. काम काढण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा.

प्रश्न : ब्रेक ऑइल डॉट 5 घालू का?

उत्तर : नको. ते सिलिकॉनचं, डॉट 3 किंवा 4 मध्ये मिसळत नाही. डॉट 4 घाला, फक्त रंगावर सांडू देऊ नका.