वाचकांचे प्रश्न : धुऱ्यावरचा राग, वेचणीतली प्रार्थना

प्रश्न : धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चुलतभावाशी दोन वर्षांपासून वाद आहे. वखरताना तो दरवेळी फूटभर आत येतो. रविवारी चर्चच्या उपासनेत मी सहनशीलता मागतो, पण शेतात त्याला पाहिलं की तोंड सुटतं. – एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर : मागता रविवारी आणि लागते मंगळवारी, धुऱ्यावर. मधल्या दिवसांत तिची तयारी काहीच होत नाही, घोडं तिथे अडतं.

बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात (५:२२-२३) पवित्र आत्म्याच्या फळाचे नऊ गुण आहेत, सहनशीलता त्यातलाच एक. उत्साहाच्या भरात बरेच जण नऊही एकदम धरतात आणि आठवड्यात सगळेच सोडतात. पण हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने ‘फळ’ हा शब्द एकवचनी लिहिला आहे. एका गुणाला हात घातला की बाकीचेही हलू लागतात. तेव्हा एकच धरा, आणि तो मोजता येईल असा. ‘सहनशील होईन’ हे मोजता येत नाही. ‘भाऊ दिसला की पहिलं वाक्य शिवीचं निघणार नाही’ हे येतं.

मोजायची रीत सोळाव्या शतकात कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिली. प्रॉटेस्टंट मंडळींनीही बिनधास्त वापरावी. वहीच्या पानावर सात दिवसांच्या सात जोड्या, म्हणजे चौदा ओळी आखा. उठल्याबरोबर त्या एका गोष्टीचा ठराव करा. दिवसात चुकलात की त्याच क्षणी हात छातीवर ठेवा. शेजारच्यालाही कळत नाही. दुपारी शिदोरी सोडण्याआधी सकाळच्या चुका मोजून वरच्या ओळीवर तेवढे ठिपके द्या, रात्री जेवणानंतर खालच्या ओळीवर. मग कालचे नि आजचे ठिपके ताडून पाहा.

सुरुवातीला ठिपके वाढलेले दिसतील. राग तेवढाच असतो, आता लक्ष जातं इतकंच. नेमकी इथेच वही माळ्यावर जाते. दुसरी गफलत म्हणजे सगळा हिशोब रात्रीच लिहिणं. तोवर आपण मनातल्या मनात आपलीच वकिली करून मोकळे झालेलो असतो.

बाकी, सहन करायचं म्हणजे जमीन सोडायची असं नव्हे. मत्तय १८:१५-१६ चा क्रम पाळा : आधी एकट्याने, पेरणीच्या घाईत नाही, उन्हाळ्यातल्या रिकाम्या दिवसांत भेटा. नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत न्या. भाऊ आपल्याच चर्चच्या मंडळीतला असेल तर तिथल्या वडीलजनांना मध्ये घ्या. तरीही सुटलं नाही तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या, मात्र देण्याआधी त्याला सांगा. मोजणीवाले दारात आल्यावर कळलं तर भांडण नव्याने पेटेल.

प्रश्न : पहाटे भाकरी, दिवसभर वेचणी. रात्री बायबल उघडलं की डुलकी लागते. शिवाय वजन वाढावं म्हणून सोबतच्या बाया कापूस ओला करतात. मी काय करू? – एक भगिनी, दारव्हा तालुका

उत्तर : रात्रीचं वाचन हंगामापुरतं सोडा, बाई. पहाटे तवा तापेपर्यंत एकच वचन पाठ करा. स्तोत्र १४१:३, तोंडावर पहारा मागणारं, छोटं आहे. पुढे वेचताना कापसाची प्रत्येक ओळ संपली की तेच मनात म्हणा. सकाळी शेतावर पोचल्यावर दव उडायची वाट पाहावी लागते. तो वेळ गप्पांत जातो, त्यातली पाच मिनिटं आपली.

मजुरी किलोवर असते, म्हणून मोह खराच. पण लेवीय १९:३५-३६ मध्ये वजनमापात खोटेपणा नको असं थेट सांगितलं आहे, आणि ओला कापूस ढिगात तापून पिवळा पडतो, म्हणजे मालकाचं नुकसान आहेच. आपल्या गाठोड्यापुरतं कोरडं ठेवा. बाकीच्या बायांना तिथल्या तिथे उपदेश करू नका. तराजूपाशी सगळ्यांचं लक्ष आपोआप जातं.

प्रश्न : उन्हातान्हात काम असताना लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, कडक उपवास करावा का? – एक वाचक, अचलपूर तालुका

उत्तर : कॅथलिक नियमात राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे दोनच उपवासाचे दिवस सक्तीचे आहेत, तेही १८ ते ५९ वयाला. त्यातही एक पूर्ण जेवण नि दोन वेळा थोडंसं चालतं, आजाऱ्यांना सूट आहे. पाणी कुठेच मना नाही. मार्च-एप्रिलच्या आपल्या उन्हात पाणी तोडू नका. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडा, त्याचे पैसे डब्यात टाका आणि ईस्टरला गरजूच्या घरी पोचवा.