मुलाचे तास जास्त झाले, आता मालक धमकी देतोय

मुलुंडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा मेलबर्नला मास्टर्स करतोय, संध्याकाळी कॅफेत आणि वीकेंडला फूड डिलिव्हरी, दोन्ही मिळून कामाचे तास ऑस्ट्रेलियाच्या स्टुडंट व्हिसाच्या मर्यादेबाहेर गेलेत. कॅफेवाला किमान वेतनापेक्षा कमी देतो, पोराने विचारलं तर म्हणतो इमिग्रेशनला कळवीन. आणि ठाण्यातला एजंट म्हणतोय कमी तासांचं लेटर बनवून घेऊ, टेन्शन घेऊ नका.

ताई, ते लेटर पहिलं डोक्यातून काढा. तास जास्त झाले म्हणून व्हिसा जाईलच असं नाही, ते ऑफिसरच्या मर्जीवर असतं, पण खोटा कागद दिलेला सापडला की पुढचा व्हिसा नाकारून ३ वर्षं दार बंद करू शकतात. एजंटचं काय, तो कमिशन घेऊन मोकळा.

आता तास नीट मोजा, कारण इथेच बहुतेक पोरं फसतात. १ जुलै २०२३ पासून कोर्स चालू असताना पंधरवड्याला ४८ तास, सुट्टीत लिमिट नाही. पण पंधरवडा म्हणजे कुठल्याही सोमवारपासूनचे १४ दिवस. पहिल्या आठवड्यात २०, दुसऱ्यात २८, झाले ४८, ठीक. तिसऱ्यात २४ केले की दुसरा-तिसरा मिळून ५२, म्हणजे भंग. कॅश घेतली तरी तास धरतात, डिलिव्हरीचेही धरतात. त्याच्याकडून पेस्लिप, रोस्टर, ॲपची हिस्टरी मागवा आणि आजपासून तास कमी करायला सांगा, "पुढच्या महिन्यापासून" नाही.

मालकाचं म्हणाल तर तो दाखवतोय तेवढा सेफ नाहीये. व्हिसाची भीती घालून कामगाराला दबावाखाली ठेवणं हा तिथे १ जुलै २०२४ पासून गुन्हा आहे. व्हिसाची अट मोडली असली तरी केलेल्या कामाचा पूर्ण पगार मागायचा हक्क जात नाही, त्यासाठी फेअर वर्क ऑम्बड्समन, म्हणजे पगाराच्या तक्रारी बघणारं तिथलं सरकारी कार्यालय आहे. आणि पिळवणूक झाल्याचं मान्यताप्राप्त संस्थेने सर्टिफाय केलं, पिळवणुकीचा अट मोडण्याशी संबंध दिसला, पोराने पुढे अट पाळायची हमी दिली, तर व्हिसा रद्द होण्यापासून संरक्षण मिळू शकतं. म्हणून मालकाचे धमकीचे मेसेज अजिबात डिलीट करू नका.

व्हिसा रद्द करण्याची नोटीस अजून आलेली नाही ना? आली तर घाबरून गप्प बसायचं नाही, व्हिसा रद्द करण्याआधी बाजू मांडायची संधी असते, मुदत मात्र फार थोडी असते. अटेंडन्स, मार्क, घरची परिस्थिती सगळं खरं खरं मांडायचं. रद्द झालाच तर तिथे बसून दुसरे बहुतेक व्हिसा मागता येत नाहीत आणि नंतरही तात्पुरत्या व्हिसासाठी ३ वर्षांची अडचण येते. पण नोटिशीचं उत्तर माझ्यासारख्या मुंबईच्या वकिलाकडून लिहून घेऊ नका, माझी सनद तिथे चालत नाही. तिथला वकील किंवा नोंदणी असलेला मायग्रेशन एजंट बघा, त्याचा नंबर सरकारी रजिस्टरवर तपासता येतो. बऱ्याच युनिव्हर्सिटींत स्टुडंट्सना फुकट कायदेशीर मदतही मिळते, तिथून सुरुवात करा.

शिक्षणाच्या लोनचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सहकर्जदार तुम्ही असाल तर व्हिसा गेला म्हणून हप्ते थांबत नाहीत. ९० दिवस थकले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज होतं, त्यामुळे तशी वेळ आलीच तर बँकेत आधीच जाऊन बोला.