वहाळातले मासे खरंच पाल्यावर जगतात का?

तुम्ही विचारलंय की संगमेश्वरकडच्या तुमच्या वहाळावर दिवसभर गच्च सावली असते, तर मासे-खेकडे पाल्यावरच जगत असणार. मग काठची झाडं काढून काजू लावला तर त्यांचं खाणं तुटेल का? झाडं काढू नका, हे आधीच सांगतो. पण त्याचं कारण तुम्ही समजताय त्याहून वेगळं आहे.

उगमाकडे सावली असते म्हणून तिथलं अन्न पाल्यातून येतं आणि खाली पात्र रुंदावलं की शेवाळातून, ही मांडणी १९८० साली उत्तर अमेरिकेतल्या नद्यांवरून झाली. तिकडे पाला कुरतडणाऱ्या अळ्या भरपूर असतात. उष्ण कटिबंधातल्या बऱ्याच ओढ्यांत त्या मोजक्याच सापडतात. इथली बरीच पानं चिवट, टॅनिनने (तुरट द्रव्याने) भरलेली असतात, आणि कोमट पाण्यात कुजवण्याचं बरंचसं काम बुरशी आणि जिवाणूच उरकतात. पानं फाडायचं काम खेकडे आणि कोळंबी करतात. त्यांचा वाटा मोठा आहे, तो विसरून चालणार नाही.

पण पोटात काय गेलं आणि अंगी काय लागलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी तपासायला कार्बन आणि नायट्रोजनचे समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू, वापरतात. खाण्यातल्या कार्बनची खूण खाणाऱ्याच्या अंगात जवळजवळ तशीच उतरते. नायट्रोजन-१५ (नायट्रोजनचा जड अणू) मात्र अन्नसाखळीच्या दर पायरीला सरासरी ३.४ सहस्रांशाने वाढतं, त्यावरून कोण कितव्या पायरीवर आहे ते कळतं. हाँगकाँग, पोर्तो रिको, ऑस्ट्रेलिया इथल्या सावलीतल्या ओढ्यांवर हे काम झालंय. पाल्याचे ढीग पडलेले असतानाही अनेक प्राण्यांच्या अंगातला कार्बन मुख्यतः दगडांवरच्या शेवाळाकडे बोट दाखवतो. शेवाळ दिसतं थोडं, पण ते सतत उगवतं आणि सतत खाल्लं जातं. डायटमसारख्या सूक्ष्म शेवाळात प्रथिनं आणि लांब साखळीची स्निग्धाम्लं असतात. झाडाच्या पानात अशी स्निग्धाम्लं जवळपास नसतातच, आणि वाढत्या अळीला, माशाला ती लागतात.

दिवाळीनंतर पाणी निवळलं की धारेतला एक दगड उचलून बघा. वरच्या बाजूला तपकिरी, बुळबुळीत थर असतो, अंगठ्याने सहज निघतो. त्यावर मेफ्लाय या कीटकाच्या चपट्या अळ्या पळताना दिसतील. मळ्या मासा मिळाला तर त्याचं तोंड बघा, ते डोक्याच्या खालच्या बाजूला असतं, दगड खरवडायलाच घडवलेलं. तो चरून गेला की दगडावर फिकट चट्टे राहतात. एकदा डोळ्याला सवय झाली की ते लांबूनही ओळखू येतात.

आषाढातल्या लोंढ्यात हा थर धुऊन जातो, पण पाऊस ओसरल्यावर काही आठवड्यांत परत धरतो. त्याचा खरा शत्रू म्हणजे गाळ. मे महिन्यात जेसीबीने उतार मोकळा केला की पहिल्याच पावसात लाल माती वहाळात उतरते. पुढे ओढ कमी झाली की ती दगडांवर बसते आणि शेवाळाचा उजेड बंद करते. वर झाडं नसल्याने ऊन पडेल, शेवाळ वाढेल असंही कोणी तुम्हाला सांगेल. वाढतं, पण बऱ्याचदा लांब दोऱ्यांचं हिरवं शेवाळ, आणि ते थोडेच प्राणी खातात. शिवाय पाणी तापतं आणि एप्रिलमध्ये कोंडीत (पात्रात उरलेल्या डोहात) अडकलेल्या माशांना ते सोसत नाही.

म्हणून काजू लावायचाच तर वरच्या अंगाला लावा. काठची करंज, जांभूळ, उंबर आणि खालची झुडपं तशीच राहू द्यात. पट्टा जितका रुंद ठेवता येईल तितका ठेवा, उतार तीव्र असेल तिथे तर जास्तच. खड्ड्यांची माती काठावर ढकलू न देता वरच्या बाजूला बांधाला घालून घ्या, आणि हे काम गड्यांना मे महिन्याच्या आधीच सांगून ठेवा. कोंडीत साचलेला पालाही घाण म्हणून काढू नका, खेकड्यांचं घर आणि खाणं दोन्ही त्यातच आहे.