बटण दाबायचं काम?

'मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्री झाली. सांडपाणी आणि माती तपासणाऱ्या खासगी लॅबमध्ये नोकरी मिळतेय. पण तिथे सगळं यंत्रच करतं, हिने नुसतं बटण दाबायचं. म्हणून मी बी.एड. सीईटीचा अर्ज भरला आणि मग तिला सांगितलं. बरोबर केलं ना?' (एक वडील, सांगली)

नाही. बी.एड. वाईट आहे म्हणून नव्हे. दोन पानी पत्र वाचूनही तिला काय हवंय ते मला कळलं नाही. चाळीस पोरांचा वर्ग सांभाळेल असं तुम्ही जिच्याबद्दल धरून चाललात, तिला स्वतःचा अर्ज भरता आला नसता?

आता ते बटण. अशा लॅबमधली एकच चाचणी घ्या: माती-सांडपाण्यातला नायट्रोजन मोजायची केल्डाल पद्धत, १८८३ची. ग्रॅमभर माती तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, पोटॅशियम सल्फेट आणि चिमूटभर कॉपर सल्फेट घालून पावणेचारशे अंशांच्या आसपास तापवायची. सेंद्रिय नायट्रोजनचा अमोनियम होतो. मग ४० टक्के कॉस्टिक सोडा घालून अमोनिया उडवायचा, बोरिक ॲसिडमध्ये पकडायचा, टायट्रेशन करायचं, म्हणजे माहीत असलेलं ॲसिड थेंबाथेंबाने घालून तो किती ते मोजायचं. हे यंत्र करतं, मान्य. पण सोडा कमी पडला तर अमोनिया फ्लास्कमध्येच अडकतो आणि यंत्र कमी आकडा मुकाट छापतं. सोडा पुरेसा पडला की द्रावण गडद काळपट होतं; ते झालं नाही, हे माणसालाच दिसावं लागतं. सांडपाण्याचा नमुना घेतानाच ॲसिड घालून पीएच २च्या खाली आणला नाही, थंड ठेवला नाही, तर लॅबमध्ये पोचेपर्यंत जिवाणू आकडा बदलून मोकळे! शिवाय केल्डालमध्ये नायट्रेट-नायट्राइट धरलेच जात नाहीत. हवा भरपूर दिलेल्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा केल्डाल आकडा छान कमी येतो; नायट्रोजन मात्र नायट्रेट होऊन त्याच पाण्यात असतो. 'एकूण नायट्रोजन' म्हणून तो आकडा दिला तर रिपोर्ट चुकला. हे ज्यांना कळतं त्यांनाच पुढे रिपोर्टवर सही करायचा अधिकार मिळतो.

सुरुवातीला पगार कमी, ही तुमची तक्रार खरी आहे. एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा, सरकारी नोकरीसाठी एमपीएससी. नोकरी करतानाही देता येतात.

तिला सांगा, होकार कळवण्याआधी लॅबला विचार: या चाचणीसाठी एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का? वाफ बाहेर ओढणारा फ्यूम हूड चालतो का? (ॲसिडची वाफ चेष्टा नाही.) प्रत्येक बॅचला ब्लँक (नमुना न घालता केलेली चाचणी) आणि पडताळणीसाठी अमोनियम सल्फेट लावता का? शुद्ध अमोनियम सल्फेटमध्ये नायट्रोजन २१.२ टक्के असतो. बराच कमी आला तर बहुधा कुठेतरी गळती आहे आणि त्या बॅचचे सगळेच आकडे संशयास्पद. यावर गोलमाल उत्तर मिळालं, तर तिने दुसरी लॅब बघावी.