इंग्रजी वाक्यात नाम ओळखायचं कसं आणि अनेकवचन चुकतं कुठे

व्यक्ती, वस्तू किंवा ठिकाणाचं नाव म्हणजे नाम, ही व्याख्या पाठ आहे, तरी वाक्यात नाम सापडत नाही आणि अनेकवचन हमखास चुकतं, असं तुम्ही लिहिलंय. यात दोष व्याख्येचा आहे. सुट्या शब्दापुरती ती ठीक आहे, पण इंग्रजीत जागा बदलली की तोच शब्द जात बदलतो. 'द वॉटर इज कोल्ड' यात वॉटर नाम आहे आणि 'वॉटर द प्लांट्स' यात क्रियापद.

म्हणून आधी शेजारी बघा. 'अ', 'द', 'माय' दिसलं की पुढे बहुतेक वेळा नाम येतंच, मध्ये घुसलेली विशेषणं फक्त ओलांडायची. 'द ओल्ड वुडन बॉक्स' यात नाम बॉक्स. 'इन', 'ऑफ', 'फॉर' यांच्यामागूनही नाम किंवा नामासारखं वागणारं रूप येतं. 'इंटरेस्टेड इन लर्न' चूक, 'इन लर्निंग' बरोबर. मराठीत आपण 'शिकण्यात रस आहे' म्हणतो, नुसत्या 'शिक'ला 'त' जोडत नाही, तसंच हे.

आता वाक्यातलं काम. 'मांजराने उंदराला पकडलं' हे 'उंदराला मांजराने पकडलं' असं फिरवलं तरी शिकारी मांजरच राहतं, कारण 'ने' आणि 'ला' नामाला चिकटलेले आहेत. इंग्रजी नामाला मालकी दाखवणारा अपॉस्ट्रॉफी-एस सोडला तर असा प्रत्ययच उरलेला नाही. 'द कॅट कॉट द माउस' यातली नामं अदलाबदल करा, उंदीर मांजराला पकडेल! साध्या विधानात क्रियापदाच्या आधी कर्ता, नंतर कर्म. 'शी बिकेम अ डॉक्टर' यातला डॉक्टर मात्र कर्म नव्हे, पूरक आहे, ती आणि डॉक्टर एकच व्यक्ती. 'ती डॉक्टर झाली' मनात असतं म्हणून इथला 'अ' गळतो.

कर्ता लांबला की आणखी एक घोळ होतो. 'द कलर ऑफ दीज शर्ट्स आर नाइस' असं लिहिलं जातं, कारण क्रियापदाला लागून शर्ट्स दिसतात. 'ऑफ'पासूनचा तुकडा बोटाने झाका. उरतो 'द कलर', म्हणून 'इज'. 'वन ऑफ माय फ्रेंड्स'लाही 'इज'च, पण तिथे फ्रेंड्समधला एस विसरायचा नाही.

खरी डोकेदुखी मोजण्याची आहे. मोजता येणारी आणि न येणारी नामं दोन्ही भाषांत आहेत, फक्त याद्या जुळत नाहीत. 'माहिती' आपणही मोजत नाही, त्यामुळे 'इन्फर्मेशन्स' निदान कानाला खटकतं. पण सल्ले, बातम्या आणि कामं आपण खुशाल मोजतो, म्हणून 'ॲडव्हायसेस' आणि 'टू वर्क्स' सुचतात. इंग्रजीत 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस' आणि 'टू टास्क्स' किंवा 'टू जॉब्स' म्हणा. 'न्यूज'च्या शेवटी एस असला तरी तो शब्द एकवचनी, 'द न्यूज इज गुड'. उलटा प्रकारही आहे. आपली कात्री एक, चष्मा एक, पण 'सिझर्स' आणि 'ग्लासेस'ला 'आर' लागतं. आपले केस अनेक, तर डोक्यावरच्या 'हेअर'ला 'इज'. ही शेवटची जोडी भल्याभल्यांना चकवते.

न मोजता येणाऱ्या नामाला 'अ', 'मेनी' किंवा अनेकवचनाचा एस लावू नका. 'मच', 'सम', 'अ लॉट ऑफ' चालतात. नामाच्या आधी दुसरं नाम विशेषणासारखं बसलं तर ते सहसा एकवचनीच ठेवतात. दुकानात ढीगभर बूट असले तरी ते 'शू शॉप', आणि दहा मिनिटांची विश्रांती 'अ टेन-मिनिट ब्रेक'.

शंका आली तर शिकणाऱ्यांसाठी असलेला शब्दकोश उघडा. नामापुढे सी असेल तर ते मोजता येतं, यू असेल तर नाही. दोन्ही असतील तर अर्थ अनेकदा वेगळे असतात, ते नीट वाचा. 'पेपर' म्हणजे कागद असेल तर यू, वर्तमानपत्र असेल तर सी. नोकरीच्या अर्जात पाच वर्षांचा अनुभव सांगायचा तर 'फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरिअन्स' लिहा. तिथे 'एक्स्पीरिअन्सेस' लिहिलंत, तर वाचणाऱ्याला पाच वर्षांत घडलेले प्रसंग सांगताय असं वाटेल.