परत आलेले पार्सल: विक्रेत्यांच्या प्रश्नांना उत्तरे

ऑनलाइन विकणाऱ्यांच्या पत्रांत महिनोन्‌महिने तोच घोळ दिसतो, म्हणून यावेळी तेवढेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे पानावर टाकले तर चालेल का? (फोंडा)

नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला तुम्हाला नकार देता येत नाही.

प्रश्न: पितळी समई पाठवली, परतीच्या खोक्यात गंजका डबा आला. गिऱ्हाइकाचे पैसे परतही गेले. आता पोलिसांत जाऊ? (म्हापसा)

आधी प्लॅटफॉर्मकडे भरपाईचा क्लेम टाका, आणि आजच टाका. अ‍ॅमेझॉनवर त्याला सेफ-टी क्लेम म्हणतात, फ्लिपकार्टवर एसपीएफ (सेलर प्रोटेक्शन फंड). मुदत प्लॅटफॉर्मप्रमाणे वेगळी असते आणि बदलतही राहते, त्यामुळे ती तुमच्या सेलर पॅनेलवरच वाचा. ‘महिनाभर वेळ असतो’ असे शेजारच्या दुकानदाराने सांगितले म्हणून बसून राहणारे किती भेटतात! ‘चवथ झाली की बघू’ म्हणेपर्यंत मुदत टळलेली असते, आणि मग खऱ्या माणसाचेही पैसे बुडतात.

दुसरे म्हणजे पुरावा. बंद खोक्यापासून माल बाहेर येईपर्यंत एकच सलग व्हिडिओ घ्या, मध्ये कट नको. सुरुवातीला लेबलवरचा एडब्ल्यूबी नंबर (पार्सलचा ट्रॅकिंग नंबर) वाचता येईल इतका जवळून दाखवा, मग चारही बाजूंची टेप, मग वजनकाट्यावर खोके. समई पाठवतानाही असेच करा: जाताना अडीच किलो भरलेले पार्सल येताना नऊशे ग्रॅम भरले, तर वाद घालायला फारसे काही उरत नाही. खोके फुटलेले दिसले तर डिलिव्हरीवाल्याला ओटीपी देण्याआधीच फोटो काढा आणि शेरा लिहून घ्या. खोके उघडून झाल्यावर काढलेल्या फोटोला कोणी विचारत नाही.

क्लेम फेटाळला तर अपील करा. रक्कम मोठी असेल किंवा तोच गिऱ्हाईक पुन्हा असे करत असेल तर पोलिसांत जाण्याआधी सगळे कागद वकिलाला दाखवा.

प्रश्न: परताव्याच्या ऑर्डरवर भरलेला जीएसटी बुडालाच ना? (डिचोली)

ही ऐकीव गोष्ट आहे. क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढून तेवढा कर कमी करता येतो. ती पुढच्या आर्थिक वर्षातल्या 30 नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, जे आधी येईल तोवर, विवरणपत्रात दाखवावी लागते. प्लॅटफॉर्म तुमच्या पैशांतून जीएसटीपोटी आधीच कापून सरकारकडे भरतो तो टीसीएससुद्धा परतावे वजा जाता उरलेल्या विक्रीवर असतो. 10 जुलै 2024 पासून त्याचा दर अर्धा टक्का आहे. आकडे दर महिन्याला सीएकडून जुळवून घ्या, मार्चची वाट पाहू नका.

प्रश्न: खोला मिरचीची पूड पावसात ओलसर पोचली, बुरशी आली म्हणतात. पैसे द्यावेत का? (काणकोण)

बॅच नंबर दिसेल असा फोटो मागवा. तक्रार खरी असेल तर हुज्जत न घालता पैसे परत करा. परत आलेले खाद्यपदार्थ पुन्हा विकायचे नाहीत, पाकीट वरून कितीही चांगले दिसले तरी. आणि जूनपासून साधी प्लास्टिकची पिशवी पुरत नाही. कोणते पॅकिंग टिकेल ते माल पाठवण्याआधी पॅकिंगवाल्याला विचारा, लेबलबद्दल एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) परवान्याचे काम बघणाऱ्याला.

प्रश्न: अडकलेले सगळे क्लेम वीस टक्क्यांत सोडवून देतो म्हणणारा एक एजंट लॉगिन मागतो आहे. (मडगाव)

देऊ नका. ओटीपी तर मुळीच नाही. दिला असेल तर पासवर्ड आत्ता बदला, पैसे जमा होणारे बँक खाते तुमचेच आहे ना ते तपासा आणि प्लॅटफॉर्मच्या सेलर सपोर्टला लेखी कळवा. खाते बदललेले दिसले तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.