काडतुसात बंदुकीची दारू कमी टाकली तर शॉटगनचा धक्का कमी होईल का?

तुमची अडचण अशी आहे: बारा बोअरची शॉटगन, 32 ग्रॅम छर्र्यांची काडतुसं तुम्ही घरीच भरता, शंभर क्ले (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या) झाले की खांदा ठणकतो. म्हणून दारू जरा कमी टाकावी का, असं विचारलंय.

नको. दारूशी खेळू नका, छर्रे कमी करा.

धक्का ठरतो तो नळीतून काय वजन किती वेगाने बाहेर पडतं आणि बंदूक किती जड आहे यावर. 32 ऐवजी 24 ग्रॅम छर्रे तेवढ्याच वेगाने सोडले, तर छर्र्यांचं वजन पाव भागाने घटतं. पण धक्क्याची ऊर्जा वर्गाच्या हिशेबाने चालते, त्यामुळे ती जवळजवळ 40 टक्क्यांनी उतरते. मी 3.6 किलोच्या बंदुकीसाठी गणित मांडलं तेव्हा साधारण 30 जूलवरून 18 वर आलं. खांद्याला हा फरक पहिल्याच बारला कळतो. आणि क्ले फुटेल का ही काळजी असेल तर ऑलिम्पिकच्या ट्रॅप आणि स्कीट या क्ले फोडण्याच्या स्पर्धांमध्ये 24 ग्रॅम हीच कमाल मर्यादा आहे. साडेसात नंबरचे छर्रे घेतले तर एवढ्यात तीनशेच्या आसपास बसतात. तरी क्ले निसटत असेल तर छर्र्यांना दोष देण्याआधी आपला नेम बघावा.

आता दारूचं. सुरुवातीला मीही तुमच्यासारखाच विचार केला होता. चालू मापातून थोडीशी काढली, बाकी सगळं तेच ठेवलं. थंडीतली सकाळ होती. क्ले सुटली, मी ट्रिगर ओढला आणि 'धाड'च्या जागी नुसतं 'फुस्स' झालं. दुसरी नळी तयारच होती, पण हात थांबला. बंदूक उघडून काडतुसं काढली तर चेंबरमध्ये न जळलेल्या दारूचे दाणे सांडलेले. मागून नळीत पाहिलं, तर पलीकडचा उजेडच दिसेना. वॅड, म्हणजे दारू आणि छर्रे यांच्या मधला बुच, मध्येच अडकून बसला होता. त्याच नळीत पुढचं काडतूस भरून उडवलं असतं तर नळी फुगली किंवा फाटली असती. दारूला नीट जळायला दाब लागतो आणि तो दाब छर्र्यांचं वजन, वॅड, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), क्रिंप (काडतुसाचं दुमडून बंद केलेलं तोंड) यांनी मिळून तयार होतो. त्यातलं एक बदललं की सगळंच बदलतं.

म्हणून 24 ग्रॅमसाठी दारूच्या उत्पादकाने प्रसिद्ध केलेलं माप घ्यायचं आणि त्यात लिहिलेली पुंगळी, प्रायमर, वॅड, दारू जशीच्या तशी वापरायची. हलक्या भारासाठी बहुधा लवकर जळणारी दारू दिलेली असते. 32 ग्रॅम छर्र्यांसाठीचा वॅड इथे चालत नाही: आत जागा उरते, क्रिंप खोलगट बसतो, कधी मध्ये भोक राहून छर्रे गळतात. 24 ग्रॅमसाठीचा वॅड ती जागा भरून काढतो. मी क्रिंप पाहूनच दहातली दोन काडतुसं बाजूला काढतो. माझं काडतुसं भरायचं मशीन जुनं आहे, हेही खरं. मशीन टाकतं ती दारू पहिल्या दहा वेळा तराजूवर तोलून बघा, बुशिंगवरच्या (मशीनमध्ये दारूचं माप ठरवणाऱ्या नळीवरच्या) आकड्यावर विसंबू नका.

यानंतरही दुखत असेल तर दस्ता तुमच्या मापाचा नसेल. गालावर बसणारा फटका छर्रे कमी करून पूर्ण जात नाही. बंदुकीचं वजन अर्ध्या किलोने वाढवलं तरी ऊर्जा बारा टक्क्यांनी घटते, फक्त ती दिवसभर उचलायची तयारी हवी.

तुमची बंदूक सेमी-ऑटो (बार झाला की आपोआप पुढचं काडतूस भरणारी) असेल तर 24 ग्रॅमवर ती रिकामी पुंगळी नीट फेकेलच असं नाही. आधी दहाच भरा आणि मोजत बसा किती अडकतात.